खाऱ्या वाऱ्यातलं ३२ बोर

अर्नाळ्यापासून पाचूबंदरपर्यंतच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला गंज म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. खिडकीचं ग्रिल दोन पावसाळ्यांत पापुद्रे सोडतं, सायकलची चेन महिनाभर उभी राहिली की लाल होते, नवं कुलूप वर्षभरात किल्लीला दाद देत नाही. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा आणि मध्ये मिठागरं. हवेत मीठ आणि ओल दोन्ही. तीच हवा कपाटातल्या पिस्तुलालाही लागते, हे मात्र पुष्कळ परवानाधारकांच्या ध्यानात येत नाही.

आपल्याकडे परवान्याचं छोटं पिस्तूल बाळगणारे बहुधा सराफ, रोकड नेणारे व्यापारी, बांधकाम व्यावसायिक किंवा निवृत्त फौजी असतात. १ ऑक्टोबर २०२० रोजी मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झालं आणि परवान्याचं काम जिल्हाधिकारी कार्यालयाकडून तिकडे गेलं. कागदपत्रांची धावपळ सगळेच मनापासून करतात. पिस्तूल हाती आलं की मात्र ते चामड्याच्या म्यानात घालून कपड्यांच्या घडीखाली जातं, आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतं. मग एखाद्या दिवशी मनात येतं, वेळेला चालेल ना हे?

त्या प्रश्नाचं उत्तर आपण टप्प्याटप्प्यानं बघू. आपल्याला यंत्राची काही माहिती नाही असं धरूनच मी सांगतो.

आधी आपल्या हातात काय आहे ते ओळखू. ९ मिलिमीटरचं पिस्तूल भारतात निषिद्ध बोरमध्ये मोडतं, म्हणून सामान्य नागरिकाकडे असतं ते ३२ बोर, म्हणजे ७.६५ मिलिमीटरचं. जुन्या घरांत बेल्जियमचं ब्राउनिंग किंवा जर्मनीचं वॉल्थर सापडतं. १९८०च्या दशकात सामान्य माणसासाठी आयात बंद झाल्यापासून ही पिस्तुलं हस्तांतरणानंच फिरत आली आहेत. नवीन घेणाऱ्याला पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीचं ‘अशनी’ माहीत असतं. या सगळ्यांची गोळी एकच. अमेरिकी शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंग यांनी १८९९च्या सुमारास आखलेली.

कुठल्याही कामाआधी पिस्तूल रिकामं करायचं. क्रम पाठ करा: नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर, आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड मागे ओढायची. (मॅगझिन म्हणजे मुठीत बसणारी गोळ्यांची डबी. स्लाइड म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा पोलादी भाग.) सगळ्यात घातक चूक इथेच होते. काही जण आधी स्लाइड ओढतात, गोळी बाहेर पडलेली बघतात आणि मग मॅगझिन काढतात. तोवर मॅगझिनमधली पुढची गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, जाऊन बसलेली असते. हातात ‘रिकामं’ म्हणून धरलेलं पिस्तूल भरलेलं असतं. म्हणून स्लाइड मागे धरून चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा आणि करंगळी घालून चाचपा. साफसफाईच्या टेबलावर एकही गोळी ठेवू नका, ती दुसऱ्या खोलीत ठेवा.

आता पिस्तूल चालतं कसं ते थोडक्यात. गोळी सुटते तेव्हा वायूचा दाब काडतुसाची पितळी पुंगळी मागे ढकलतो आणि पुंगळी स्लाइडला ढकलते. मागे जाताना स्लाइड रिकामी पुंगळी बाहेर भिरकावते. मग स्प्रिंग तिला पुढे आणते, आणि येता येता ती मॅगझिनमधली वरची गोळी चेंबरमध्ये सारते. ३२ बोरच्या बहुतेक पिस्तुलांत स्लाइडला अडवणारी वेगळी कडी नसते. तिचं वजन आणि स्प्रिंगचा जोर, एवढ्यावरच सगळा तोल असतो.

पिस्तूल जितकं छोटं, तितका हा तोल नाजूक. स्लाइड हलकी, तिचा प्रवास आखूड, त्यामुळे ती झपकन जाऊन येते. तेवढ्या क्षणात मॅगझिनच्या स्प्रिंगनं पुढची गोळी वर आणून ठेवलेली असली पाहिजे. मोठ्या पिस्तुलात थोडा मळ, थोडी ढिली स्प्रिंग खपून जाते. खिशातल्या पिस्तुलात खपत नाही. म्हणून ‘साहेब, कंपनीचा माल आहे, काही होत नाही’ या बोलण्यावर विसंबू नका.

मॅगझिनपासून सुरुवात करा. पिस्तूल अडकलं की लोक नळीत डोकावतात, पण मला विचाराल तर पहिला संशय मॅगझिनवर घ्यावा. त्याच्या वरच्या दोन वळवलेल्या कडांना ओठ म्हणतात. गोळी कोणत्या कोनात वर येईल हे ते ठरवतात. मॅगझिन फरशीवर पडलं, एक ओठ केसभर वाकला, की गोळी नाक खाली घालून अडकते. उजेडात धरून दोन्ही ओठ सारखे आहेत का बघा. रिकाम्या मॅगझिनमधली गोळी उचलणारी पट्टी पेन्सिलीच्या टोकानं खाली दाबून सोडा. ती अडखळत वर आली तर आत गंज किंवा मळ आहे. ओठ वाकला असेल तर पकडीनं सरळ करत बसू नका, मॅगझिन बदला. दोन मॅगझिनं असतील तर त्यांवर १ आणि २ असे आकडे घाला. बिघाड नेहमी एकाच मॅगझिनमध्ये होत असेल तर तो लगेच उघडा पडतो.

मॅगझिन कायम भरलेलं ठेवल्यानं स्प्रिंग मेली, असं पुष्कळ जण सांगतात. चांगली स्प्रिंग नुसती दाबून ठेवल्यानं सहसा मरत नाही. ती थकते वारंवार दाबली-सोडली गेल्यानं, आणि आपल्याकडे त्याहून लवकर गंजानं. मॅगझिनच्या आत तेल ओतणं ही त्यावरची सार्वत्रिक पण चुकीची तोड. ते तेल गोळ्यांना लागतं, धूळ धरतं. आतून कोरड्या कापडानं पुसा, स्प्रिंगवर तेलाचं बोट फिरवा आणि तेही टिपून घ्या. बास.

आता ३२ बोरच्या गोळीची खास खोड. तिच्या बुडाची कडा बाकीच्या अंगापेक्षा किंचित बाहेर आलेली असते. आजच्या बहुतेक पिस्तुलांच्या गोळ्यांना अशी बाहेर आलेली कडा नसते. मॅगझिनमध्ये गोळ्या एकावर एक बसतात तेव्हा वरच्या गोळीची कडा खालच्या गोळीच्या कडेच्या पुढे असायला हवी. ती चुकून मागे गेली, तर स्लाइड वरच्या गोळीला पुढे ढकलते आणि ती खालच्या गोळीच्या कडेला अडते. दोन्ही गुंततात आणि पिस्तूल ठप्प. जाणकार याला ‘रिमलॉक’ म्हणतात, म्हणजे कडांची गुंतवळ. एकदा झाली की झटका मारून सुटत नाही, मॅगझिन काढून गोळ्या उपसाव्या लागतात.

त्यावर उपाय आपल्याच हातात आहे. भरताना प्रत्येक गोळी आधीच्या गोळीवर दाबून मागे सरकवताना तिची कडा पुढेच राहिली याची खात्री करा. मॅगझिनला बाजूला भोकं असतील तर त्यांतून बघा. नेहमीपेक्षा आखूड गोळ्या वापरू नका, त्या मागेपुढे सरकतात आणि गुंतवळ तिथेच होते. अंगावर बाळगताना, दुचाकीवर, लोकलच्या धक्क्यांत गोळ्या हलतात. म्हणून आठवड्यातून एकदा मॅगझिन रिकामं करून पुन्हा भरा.

गोळीविषयी अजून दोन-चार गोष्टी आहेत, आणि त्या महत्त्वाच्या आहेत. पहिली, ३२ बोरचं रिव्हॉल्व्हर आणि ३२ बोरचं पिस्तूल यांची काडतुसं वेगळी. बोलताना दोन्हीला ‘बत्तीस’च म्हणतात, पण पिस्तुलाची पुंगळी १७ मिलिमीटर लांब असते, तर आपल्याकडच्या रिव्हॉल्व्हरची २३. खरेदी करताना पाकिटावरचं नाव वाचा, नुसतं ‘बत्तीसच्या द्या’ म्हणू नका. आपल्या गोळ्यांच्या बुडावर बहुधा ‘केएफ’ ही इंग्रजी अक्षरं दिसतील. ती पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याची खूण. हा दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालू आहे.

दुसरी गोष्ट गोळ्यांच्या वयाची. गोळ्या महाग आणि परवान्यावर लिहिलेल्या मर्यादेतच मिळणाऱ्या, त्यामुळे आपण त्या तांदळासारख्या जपून ठेवतो. वसईचे चार पावसाळे उघड्या पाकिटात काढलेली गोळी भरवशाची नाही. पितळेवर हिरवट थर, बुडाच्या मधल्या टिकलीभोवती काळेपणा, टोक हलवल्यावर हलणं, यांतलं काहीही दिसलं तर ती बाजूला काढा. पिस्तुलाला तेल लावताना त्याच हातानं गोळ्याही पुसायची सवय असेल तर ती आजच सोडा. पातळ तेल त्या टिकलीत झिरपतं आणि आतला ठिणगीचा मसाला निकामी करतं. गंज सोडवणारे फवारे तर फारच झिरपतात.

तिसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. रोज रात्री चेंबरमधली गोळी काढायची आणि सकाळी तीच पुन्हा चढवायची, असं महिनोन् महिने केलं की प्रत्येक खेपेला गोळीचं टोक थोडं थोडं पुंगळीच्या आत दबतं. आतली जागा कमी झाली की दाब वाढतो. तीच गोळी नव्या गोळीशेजारी उभी करून बघा. बुटकी वाटली तर वापरू नका. एकूणच चेंबर रिकामा ठेवून बाळगणं बरं. जुन्या बनावटीच्या अनेक पिस्तुलांत, हातातून पडल्यावर गोळी सुटू नये म्हणून लागणारा आतला अडसरच नसतो.

आता साफसफाई. आपल्या किनाऱ्यावर पिस्तुलाचा भरवसा सगळ्यात जास्त इथे ठरतो, म्हणून इथे घाई करू नका.

पिस्तूल पुस्तिकेप्रमाणे उघडा. पुस्तिका नसेल तर विक्रेत्याकडून एकदा समोर बसून शिकून घ्या. स्क्रू आणि पिना काढायच्या नाहीत. स्लाइड, नळी, स्प्रिंग, मॅगझिन इतकंच सुटं करायचं. उघडताना स्प्रिंग उडते, म्हणून चेहरा बाजूला ठेवा आणि खाली पांढरा पंचा अंथरा.

नळी मागच्या बाजूनं साफ करायची. पितळी तारांचा ब्रश साफसफाईच्या द्रवात बुडवून आरपार न्यायचा, मग सुती कापडाचे तुकडे. फौजेत या तुकड्याला चिंदी म्हणतात. चिंदी पांढरी बाहेर येईपर्यंत. चेंबर वेगळा पुसा, तिथला मळ राहिला तर गोळी पूर्ण आत बसत नाही. मग पुंगळी ओढणारा आकडा, ज्याला एक्स्ट्रॅक्टर म्हणतात. त्याच्या नखाखाली जळकी दारू आणि तेल यांचा लगदा साठतो. जुन्या टूथब्रशनं तो काढा. आकडा निसटला की रिकामी पुंगळी आतच राहते आणि पुढची गोळी तिच्यावर आदळते. सगळ्या अडथळ्यांत सोडवायला हाच सगळ्यात वेळखाऊ.

खिशात किंवा कमरेला बाळगलेल्या पिस्तुलात मळ दारूचा कमी आणि कपड्यांचा जास्त असतो. खिशातला कापूस, धागे, पावडर, घाम. न वापरलेलं म्हणजे स्वच्छ, हा समज इथे नडतो. एकही गोळी झाडली नसेल तरी पंधरवड्यातून एकदा उघडून बघाच.

आता तेल. आपल्याकडे घरात खोबरेल असतं आणि हात त्याच्याकडेच जातो. ते लावू नका. ते थंडीत थिजतं, दिवसांनी चिकट होतं आणि धूळ धरतं. राईचं तेलही नको. शस्त्रांसाठीचं तेल मिळत असेल तर उत्तम. तात्पुरतं शिवणयंत्राचं तेल चालेल, पण ते लवकर ओघळून जातं, म्हणून पुन्हा पुन्हा लावावं लागतं. स्लाइड जिथे घासते त्या खाचांत एकेक थेंब, नळीच्या बाहेरून एक हात, आणि वरून दिसणारा ओलेपणा टिपून टाका. घोडा किंवा आतली सुई जिथून पुढे येते, त्या भोकात तेल सोडायचं नाही. तेल तिथे मळ धरतं, सुई संथ होते आणि टिकलीवर ठोका हलका बसतो.

बाहेर नेऊन आणलं की त्याच दिवशी पुसा. घामात मीठ असतं, आणि अंगाला लागलेली बाजू आधी गंजते. वातानुकूलित गाडीतून दमट हवेत उतरलं की थंड पोलादावर दव धरतं, चष्म्यावर धरतं तसंच. घरी आल्यावर उघड्यावर सुकू द्या, पण नजरेसमोर. मग पुसून तेलाचा हात देऊन आत ठेवा.

आत म्हणजे कशात? चामड्याच्या म्यानात नक्कीच नाही. चामडं ओल धरून ठेवतं आणि कमावताना वापरलेले पदार्थ पोलाद-पितळेला खातात. म्यान वागवण्यासाठी, ठेवण्यासाठी नव्हे. कपाटात डांबरगोळ्या टाकून निर्धास्त होणारेही मी पाहिलेत. डांबरगोळी किडे पळवते, ओल शोषत नाही. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, म्हणजे ओल शोषणारे बारीक खडे. रंग बदलणारे खडे मिळतात. रंग बदलला की मंद आचेवर तापवून पुन्हा कोरडे करता येतात. पेटी कुलपाची हवी, किल्ली मुलांच्या हाती लागता कामा नये आणि गोळ्या वेगळ्या कुलपात. हे मी नियमावर बोट ठेवून म्हणत नाही, पोटतिडकीनं म्हणतोय.

लाल गंजाचा ठिपका दिसलाच तर तेल लावून तासभर ठेवा आणि जाड सुती कापडानं घासा. पॉलिशपेपर मारू नका. त्यानं वरचा निळसर-काळा थर निघतो आणि पुढच्या पावसाळ्यात तीच जागा दुप्पट गंजते.

एवढं करूनही स्लाइड पूर्ण पुढे जात नसेल तर मुख्य स्प्रिंग थकलेली असू शकते. इथे हात आवरा. स्प्रिंग ताणून लांब करणं, एखादा वेढा कापणं, चेंबरचं तोंड कानशीनं गुळगुळीत करणं, असले सल्ले ओळखीतले फिटर उत्साहानं देतात. त्यानं तोल आणखी बिघडतो. शिवाय कायदाही स्पष्ट आहे. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे बंदुकांची निर्मिती, विक्री, दुरुस्ती आणि चाचणी यांच्या व्यवसायाला स्वतंत्र परवाना लागतो. आपल्याकडे बाळगण्याचा परवाना आहे, दुरुस्तीचा नाही. लेथवाल्या मित्राकडे तर तोही नाही. दुरुस्तीचा परवाना असलेल्या दुकानातच जा, पावती घ्या आणि भाग मूळ बनावटीचाच बसवून घ्या.

आता आपला हात. स्लाइड मागे जायला पक्का आधार लागतो, आणि तो आधार म्हणजे आपलं मनगट. मनगट सैल सोडलं तर सगळं पिस्तूलच मागे जातं, स्लाइडचा प्रवास अर्धवट राहतो आणि पुंगळी अडकते. पिस्तूल शाबूत असताना झालेला हा बिघाड पिस्तुलाच्याच माथी मारला जातो. छोट्या मुठीवर अंगठा वर सरकून स्लाइडला घासला, तरी तेच होतं.

बाळगण्याची रीतही यातच येते. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी पिस्तूल म्यानात किंवा तशाच पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात असायला हवं. म्यान चाप झाकणारं घ्या. त्याच खिशात किल्ल्या, नाणी, रुमाल काही ठेवू नका. लग्नात, वरातीत हवेत गोळीबार केला तर २०१९च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

शेवटी कसोटी, आणि ती फक्त अधिकृत नेमबाजी केंद्रावर. शेतात नाही, किनाऱ्यावर नाही. डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण. ज्या गोळ्या आपण एरवी बाळगता त्याच, आणि दोन्ही मॅगझिनं. माझ्या मते प्रत्येक मॅगझिन निदान तीन वेळा पूर्ण भरून एकही अडथळा न येता रिकामं झालं पाहिजे. वहीत तारीख, मॅगझिनचा आकडा, गोळ्यांची खेप आणि काय अडलं ते लिहा. गोळी वर आली नाही तर मॅगझिन बघा. पुंगळी अडकली तर आकडा, चेंबर आणि मनगट. नुसता ‘टक’ आवाज आला तर नळी समोरच धरून निदान ३० सेकंद थांबा, उशिरा पेटणारी गोळी असू शकते. आणि आवाज ‘फुस्स’ असा दबका आला तर लगेच थांबा. शिसं नळीतच अडकलेलं असू शकतं. त्यावर दुसरी गोळी झाडली तर नळी फुटते. ओल लागलेल्या जुन्या गोळ्यांत हा धोका खरा आहे.

निवडणुकीच्या काळात पिस्तूल पोलीस ठाण्यात जमा करावं लागलं, तर देण्याआधी तेलाचा हात द्या. परत मिळाल्यावर तसंच कमरेला लावू नका. रिकामं आहे का बघा, उघडा, पुसा, स्प्रिंग तपासा.

हे सगळं महिन्याला दोनदा करणं आपल्याला जमणार नसेल, तर माझा स्पष्ट सल्ला आहे: पिस्तुलाऐवजी रिव्हॉल्व्हर घ्या. त्यात मॅगझिन नाही, स्लाइड नाही, आणि एखादी गोळी पेटली नाही तर चाप पुन्हा दाबताच पुढची गोळी समोर येते. कानपूरच्या सरकारी कारखान्यानं २०१४ साली काढलेलं ‘निर्भीक’ सुमारे ५०० ग्रॅम वजनाचं आहे, म्हणजे छोट्या पिस्तुलापेक्षा जड नाही. गंज त्यालाही लागतोच, तेव्हा कापड आणि तेल तिथेही हवं.

आणि पिस्तूलच ठेवणार असाल, तर येत्या रविवारी एक तास काढा. गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा, पंचा अंथरा, आणि म्यानातून ते बाहेर काढून चामड्याला लागलेली बाजू उजेडात नीट बघा.